भाकरीच्या कागदावरची तीन वर्षं

मी, देवाजी धोंडबा गजभिये, वय सहासष्ट, पूर्वी वर्तमानपत्राच्या छापखान्यात कंपोझिटर, राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. छाती दुखते, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकानं लिहीत नाही. धाकानं एकदाच वागलो, ते तिसऱ्या कलमात येईल.

१. इंदोऱ्यातल्या दोन खोल्या पत्नी भीमाबाई हिच्या हयातीत तिच्या, तिच्या पश्चात मुलगा गोविंदा याच्या. छप्पन साली दीक्षेला नेसलेलं तिचं पांढरं लुगडं पेटीत आहे. त्याची वाटणी नाही.

२. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची माझी लोखंडी स्टिक आणि चिमटा गोविंदाला. तो दहा वर्षं त्याच छापखान्यात मशीनवर आहे. माझा चष्मा मालक भैयाजींना द्यावा, कारण स्वतःचा पेपर त्यांना कधी नीट दिसला नाही. सरकार त्यांच्या पक्षाचं होतं तोवर वीज गेली की मथळा ‘तात्पुरती अडचण’. सरकार बदललं, त्याच आठवड्यात ‘विदर्भ अंधारात’. खिळे तेच, जुळवणारा हातही माझाच.

३. पेटीच्या तळाशी एक प्रूफ आहे, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेला कागद. तो आमचे जुने बातमीदार कृष्णकांत यांना द्यावा.

कारण लिहितो. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात सरकारला वीज केंद्रासाठी पिपळझरी गावाची जमीन हवी होती. मंत्र्यांनी बैठकीत सांगितलं की गावाला वीज तीन वर्षांनी मिळेल. कृष्णकांतांनी तसंच लिहिलं, मी तसंच जुळवलं. भैयाजींना पक्षाचं तिकीट हवं होतं. ते खाली उतरले, माझ्या पाठीशी उभे राहिले आणि म्हणाले, “देवाजी, तीन वर्षं काढ. दिवाळीपूर्वी टाक.” मी टाकलं. पाच मिनिटांचं काम.

पिपळझरी हे कृष्णकांतांचंच गाव. बातमीवर मुलाचं नाव पाहून संमतीची पहिली सही त्यांचे वडील चंपतराव यांनी केली, मग गावानं. दिवाळी गेली, दिवे लागले नाहीत. गाव छापखान्यावर चालून आलं, तेव्हा भैयाजींनी कृष्णकांतांनाच खोटं ठरवून काढलं. त्यांच्या हातचा मूळ कागद कोणी जाळला, देव जाणे. कृष्णकांतांनी मुळात काय लिहिलं होतं, असं गावकऱ्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हणालो, “मले आठवत नाही.”

पण उद्याची भाकर बांधायला जुनं प्रूफ घरी न्यायची आम्हा कंपोझिटरांची रीत. ते पहिलं प्रूफही असंच घरी आलं होतं. भीमाबाईनं ते आणि पेपर शेजारी ठेवून विचारलं होतं, “काहून जी, ह्या कागदावर तं तीन वर्षं लिहून आहे. पेपरात दिवाळी काहून?” त्या दिवशी तिनं भाकर फडक्यात बांधली आणि कागद पेटीत ठेवला.

४. गोविंदा म्हणतो, “बाबा, जाळून टाका. भैयाजी मले उद्याच काढतील. लेकरं काय खातील?” त्याची भीती खोटी नाही. म्हणून माझ्या मरणानंतरच कागद द्यायचं मी ठरवलं. भीमाबाई एवढंच म्हणाली, “मेल्यावर खरं बोलाल, तं त्यात तुमचं काय गेलं जी?”

५. म्हणून तिसरं कलम रद्द.

काल गोविंदानं मला सायकलवर कामठीला नेलं. कृष्णकांत तिथे शिकवण्या घेतात. भैयाजींच्या सांगण्यावरून मीच मजकूर बदलला, असं त्या प्रुफावर लिहून, सही करून मी त्यांच्या हाती दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “देवाजी, बाबा मागच्या पोळ्याले गेले. शेवटपर्यंत मले घरात येऊ नाही दिलं.”

मला बसा म्हणाले नाहीत. मला लाज वाटली, अजून वाटते. तो कागद आता माझा नाही, त्यामुळे तो कोणाला ठेवून जाता येत नाही.

गोविंदाची नोकरी गेली तर दोष माझा समजावा, कृष्णकांतांचा नाही.

सही: देवाजी धोंडबा गजभिये
साक्षीदार: नत्थूजी रामटेके, शेजारी
सिंधूताई खोब्रागडे, शिक्षिका
इंदोरा, नागपूर. दिनांक ११ डिसेंबर १९८३

वारसाची साक्ष चालत नाही, असं सिंधूताईंनी सांगितलं. तरी लिहितो. भैयाजी खाली आले तेव्हा मी मशीनपाशी होतो. सगळं ऐकलं. तो पेपर मीच छापला.
सही: गोविंदा देवाजी गजभिये, मशीनमन