वहीतलं शाईचं पान

अण्णा, वहीतली ती ओळ शाईने मी गिरवली होती. तुम्ही नाही.

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. नव्वदच्या दशकात आपल्या समाजाच्या वाचनालयात तुम्ही ती माहितीची वही ठेवली होती. पुण्या-नागपूरहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला येणाऱ्या लोकांना कन्नड येत नसे. बस कुठली, रेशनकार्ड कुठे, मूल आजारी पडलं तर काय करायचं, सगळं त्या वहीत असायचं. लिहायची मुभा कुणालाही. नियम एकच: आधी पेन्सिलीने लिहायचं, दुसऱ्या कुणी खात्री करून घेतली की मगच तुम्ही ते शाईने गिरवणार. शाई दिसली की लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. मी सतरा वर्षांची, भलतीच हौशी. घरगुती उपचारांच्या पानावरची पेन्सिल पुसट झालेली बघून एका दुपारी मी अख्खं पान गिरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. माझं अक्षर तुम्हीच घोटून घेतलेलं, हुबेहूब तुमच्यासारखं.

पुढच्याच महिन्यात, नागपूरहून आलेल्या त्या वहिनींची दोन वर्षांची मुलगी स्टोव्हसाठी बाटलीत ठेवलेलं रॉकेल प्याली. वहिनींनी ते पान कागदावर उतरवून घेऊन स्वयंपाकघरात चिकटवलं होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी, असं त्यात होतं. त्यांनी काढली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आपण उभे आहोत, आत पोरीचा श्वास भात्यासारखा चालला आहे. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, उलटी करवायला कुणी सांगितलं? उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात उतरतं. "काकाजी, वहीत तर शाईनं लिहिलं होतं ना," वहिनी म्हणतात. त्यांचा आवाज चढलेला नाही, त्याचीच मला भीती वाटते आहे. तुम्ही माझ्याकडे वळून तुमच्या कन्नड वळणाच्या मराठीत विचारता. "स्वल्प आठवून सांग. वहीला तू हात लावलास?"

"नाही, अण्णा."

"सरी," तुम्ही कन्नडमध्येच 'बरं' म्हणता. "म्हणजे माझ्याच हातून गेलं."

चार दिवसांनी मुलगी धोक्याबाहेर आली. त्या पानाखाली तुम्ही लिहिलंत, ही चूक माझी, आणि सही केलीत. मग वही कपाटात बंद. कुणीही लिहावं हे माझंच खूळ होतं, म्हणालात. वही बंद केली म्हणून मी तुमच्यावर चिडलेसुद्धा होते. आज त्याची जास्त लाज वाटते.

सध्या मी इंटरनेटवरच्या एका फुकटच्या विश्वकोशात लिहिते. तिथेही कुणीही यावं, लिहावं, खोडावं. ऑफिसातले लोक नाक मुरडतात, "कोणीही उठून लिहितो, त्याचा काय भरवसा?" मी त्यांच्याशी भांडते. चुका असतात, काही महिनोन्‌महिने तशाच राहतात, खाली दिलेला आधार आपण उघडून बघावाच लागतो. पण प्रत्येक लेखामागे त्याची जुनी रूपं जपलेली असतात. कुठला शब्द कुठल्या खात्यावरून कधी बदलला ते दिसतं. मागच्या आठवड्यात मी घाईघाईत घातलेली एक ओळ कुणा अनोळखी माणसाने दहा मिनिटांत काढली आणि विचारलं, हे कशावरून? मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. तुमचं खूळ नव्हतं, अण्णा. तुमच्या वहीत कुणाचा हात फिरला ते कळायची सोय नव्हती, आणि मी त्याचा फायदा घेतला.

वहिनी अजून वाचनालयात येतात. परवा भेटल्या. मुलीचं कौतुक सांगून झालं आणि म्हणाल्या, "चूक कोणाच्याही हातून होते गं. तुझ्या अण्णांनी कबूल तरी केली." मी मान डोलावली आणि त्यांना चहा आणून दिला.

खरं तर हे पत्र त्यांच्या हातात द्यायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.