जुन्या गावठाणात भरणारा इतिहासाचा तास

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, धाराशिव.

विषय : आमच्या शाळेतील इतिहासाचे तास व जुन्या गावठाणाची भेट पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : गेल्या महिन्यातील पालकसभा.

महोदय,

१. मी नवी बेटवाडी येथील निवृत्त अंगणवाडी सेविका. त्र्याण्णवच्या भूकंपात माझ्या सासूबाई व दोन मुली माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, ढिगाऱ्याखाली दबून गेल्या. तान्हा सोमेश माझ्या कुशीत वाचला.

२. गतवर्षी सोमेशने भूकंपानंतर मिळालेल्या घरावर खोली बांधावयास घेतली. दगड जुन्या गावठाणातील पडक्या घरांचे आणले. मी हरकत घेतली असता तो म्हणाला, "आई, ते तुझ्या येळचं. दगडाला काय व्हतंय?" मुलींचा विषय मला बोलताना पुरा करवत नाही, म्हणून हरकतीचे कारण मी सांगितले नाही.

३. त्याच सुमारास इतिहासाचे शिक्षक धुळाप्पा सर सहावीच्या मुलांना जुन्या गावठाणात घेऊन गेले. मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील मातीचे जड छत यांमुळे माणसे कशी दबली, आणि आपली आजची घरे बुटकी व हलकी का, हे त्यांनी दाखवले. त्याच वर्गातील सोमेशची मुलगी जाई हिने घरी येऊन विचारले, "आज्जी, आपल्यातलं कोण कोण गेलं?" मी नावे सांगितली. शेजारी जेवत असलेल्या सोमेशनेही ती ऐकली. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासोबत प्रथमच तेथे आला. परत येऊन त्याने नव्या खोलीची मातीत रचलेली भिंत स्वतः उतरवली.

४. तथापि, सर मुलांना भीती घालतात अशी काही पालकांनी तक्रार केली. भेट बंद झाली व इतिहासाचे तास स्पर्धा परीक्षेच्या सरावास दिले गेले. मी पालकसभेत याविषयी बोलण्यास उभी राहिले, तर एका पालकाकडून उत्तर मिळाले, "मावशी, झालं ते झालं. आता पोरांच्या मार्कांचं बघू."

५. त्यानंतर शेजारी बलभीम यांची जुन्या गावठाणातील दगडांची तशीच भिंत अवकाळी पावसात ढासळली. ती अंगावर पडून त्यांच्या मातोश्री इरम्मा यांचे खुब्याचे हाड मोडले. त्या अद्याप अंथरुणावर आहेत. भूकंप नसताना हे घडले.

६. सरांनी मला अर्ज करण्यास सांगितलेले नाही. तास पूर्ववत व्हावेत ही विनंती. मुलांसोबत गावठाणात येऊन आमचे घर कोठे होते ते दाखवण्यास मी तयार आहे. बोलताना थांबावे लागले तर थांबेन, पण सांगेन.

बलभीम यांच्याकडे त्याच दगडांची भिंत पुन्हा चढत आहे. काल ती खिडकीपर्यंत आली. तरी आपण लवकर लक्ष घालावे.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
दैवशाला वैजनाथ रणखांब
नवी बेटवाडी, ता. लोहारा, जि. धाराशिव
दि. १२ जानेवारी २०२६