नव्या पंपाचे पान

१० नोव्हेंबर, सोमवार

निखिलने डॉक्टरांना दिलेला अहवाल आज वाचला. त्यातले दुसरे वाक्य असत्य आहे. ‘नव्या सलाईन-पंपाच्या सूचना १ नोव्हेंबरपासून फोनवर उपलब्ध होत्या; परिचारिकेने त्या पाहिल्या नाहीत.’ उपलब्ध नव्हत्या. पंपावरचा कोड फोनने टिपला की जुन्या पंपाचेच पान उघडत असे. हे ऐकीव नाही. ४ तारखेला मी स्वतः उघडून पाहिले आहे.

बोर्लीच्या या रुग्णालयातील यंत्रांच्या सूचना सोप्या मराठीत लिहिण्याचे काम शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पत्करले. मजकूर माझा. तो फोनवर चढवण्याचे काम पुतण्याचे, म्हणजे निखिलचे (यापुढे नि.).

जुन्या पंपाचे दार उघडले की नळी आपोआप बंद होते. नव्यात तसे नाही. आधी नळीवरची चकरी हाताने बंद करायची, मगच दार उघडायचे. ५ तारखेला शबाना सिस्टरने पान पाहिले आणि त्यात होते त्याप्रमाणे थेट दार उघडले. रक्तदाब उतरवणारे औषध हिराजी कोळ्यांच्या अंगात एकदम गेले. शुद्ध हरपली. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते, म्हणून वाचले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नि.ला फोन केला.

“काका, माणूस घरी गेला, जेवतोय. आता तारखांचा कीस कशाला?”

“तू १ तारीख लिहिलीस.”

“मजकूर तुम्ही त्याच दिवशी दिलात ना? मग तयार होताच की.”

मजकूर तयार असणे वेगळे आणि तो वॉर्डात पोचणे... वाक्य पुरे होण्याआधीच त्याने फोन ठेवला. आणखी दोन रुग्णालये त्याला काम देण्याच्या विचारात आहेत. त्यांनाही हाच अहवाल दाखवायचा आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुग्णालयात गेलो. शबानाला वॉर्डातून काढून बाहेरच्या टेबलावर बसवले आहे. केसपेपर काढते.

“सर, मी पान बघूनच केलं. आता उघडते तर वेगळंच पान. चकरीचं ठळक लिहिलेलं. मलाच वाटायला लागलंय, मीच नीट वाचलं नसेल.”

हे ऐकून बसवेना. वहीत चूक सुधारली तर खाडाखोड तरी राहते. इथे जुने पान गेले, मागमूस नाही. आणि बाई स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेते आहे.

तिचा नवरा कुवेतला. तिथल्या एका रुग्णालयासाठी सोमवारी मुंबईत तिची मुलाखत आहे. अनुभवाचे प्रमाणपत्र लागते. डॉक्टरांनी ते या अहवालामुळे अडवले आहे.

सुनंदा आया जवळच फरशी पुसत होती. “सर, तुमचं पहिलं मराठी वाचेस्तोवर पेशंट बरा होऊन घरी जायचा. आता कसं, ‘आधी चकरी. मग दार.’ पन ते वेळेवर तर यायला हवं होतं.” पहिल्या वाक्याचा राग आला. दुसरे खरे होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हिराजींचा मुलगा बाजारात भेटला. “गुरुजी, आमची कोनावर तक्रार न्हाय. त्या बाईला उगाच का बसवलाय?” डॉक्टरांना हे सांगशील का, विचारले. होडी लागायची आहे म्हणाला, गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांपुढे सर्व मांडले. त्यांनी पेन खाली ठेवले.

“लेखी द्याल, गुरुजी?”

“देईन.”

“पुतण्या आहे तुमचा. त्याचं काम जाईल. पुढचं तुमचंही.”

“ते मला कळते.”

“रविवारी सकाळी या. तोवर विचार करा.”

घरी पोचेपर्यंत वहिनींचा फोन. “भाऊजी, तुमच्या मांडीवर वाढलाय तो. एवढं एक सोडून द्या.” त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बोलणे सोपे गेले असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नि. दुपारी आला. बसला नाही. “तुमच्या शाळेत एका चुकीला एवढी शिक्षा द्यायचात का?” म्हणालो, चुकीला नाही. तारीख बदलण्याला. “मग माझं नाव घालू नका. उशीर झाला एवढंच लिहा.” कर्त्यावाचून वाक्य लिहिता येते, हे त्याला मीच शिकवले असणार. चहा तसाच ठेवून गेला.

लिहून काढले. सही अजून केलेली नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार : मजकूर मी निखिलकडे दिला. या दिवशी फोनवर काहीही चढले नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार : कोड मी उघडला, जुने पान. पंप तेव्हा कपाटात होता, वापरात नव्हता. निखिलला सांगितले. ‘रात्री चढवतो’ म्हणाला.

५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ : जुना पंप बंद पडला, म्हणून नवा काढला. शबाना सिस्टरने पान उघडले. जुनेच होते. हिराजींना त्रास झाला.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ : नवे पान चढले.

१७ नोव्हेंबर, सोमवार : शबाना सिस्टरची मुलाखत. ही तारीख अहवालात नाही.