मुलगा मेडिकलला आहे

२ सप्टेंबर
शौनकची अ‍ॅडमिशन झाली. बी.एस्सी. नर्सिंग. लिहिताना पेन अडखळलं. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही, हा आजपासूनचा नियम. बाहेरचं बाहेर बघू.

फॉर्ममध्ये त्याने पहिलाच पर्याय नर्सिंगचा भरला होता. मला वाटलं, नजरचुकीने. तो म्हणाला, बाबा, विचार करून भरलाय. अठरा वर्षांच्या मुलाचा विचार म्हणजे नजरचूकच, फक्त सावकाश झालेली. वासंतीला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, घरात सगळ्यांना माहीत होतं. घरात आम्ही तिघंच आहोत.

संकल्प: चिडायचं नाही. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पाणी कुठून कुठे वळवायचं ते कळतं. पोरगं काय, दिवाळीपर्यंत वळेल.

६ सप्टेंबर
लिफ्टमध्ये सोसायटीचे चेअरमन संभाजीराव घुले भेटले. मूळचे मांजरी गावचे. उसाची जमीन बिल्डरला दिली आणि बिबवेवाडीत आमच्या वर पाचव्या मजल्यावर राहायला आले. विचारलं, शौनकचं काय ठरलं. मी म्हटलं, मेडिकलला आहे. पुढचं सविस्तर सांगणारच होतो, तेवढ्यात तिसरा मजला आला. लिफ्टच्या वेगाला मी जबाबदार नाही.

११ सप्टेंबर
हाफ डे. अ‍ॅडमिशनचं मार्गदर्शन करणाऱ्या एका ऑफिसात गेलो. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातून एमबीबीएसला कसं जाता येईल, ते विचारलं. समोर नीरजा नावाची मुलगी होती. म्हणाली, काका, या दोन वेगळ्या बस आहेत, एकाच बसचे दोन स्टॉप नाहीत. मी म्हटलं, मधे उतरून दुसरी पकडता येत असेल. ती म्हणाली, येते की. पण पहिल्या स्टॉपला परत जाऊन, आणि नवीन तिकीट काढून.

अनुभव कमी आहे तिला.

१९ सप्टेंबर
युनिफॉर्म आला. खिशावर कॉलेजचं नाव भरतकामात. त्यातला 'नर्सिंग' हा शब्द नको तितका ठसठशीत. शौनकला सुचवलं, कॉलेजात जाऊन बदलत जा. तो म्हणाला, का. मी म्हटलं, धूळ फार असते. तो तसाच घालून, सगळ्यांना हात करत, गेटातून बाहेर पडला.

हरकत नाही. दुसऱ्याचे खिसे कोण वाचत बसतं.

१ ऑक्टोबर, रविवार
पलंगावर पेपर वाचत पडलो होतो. शौनक आला. म्हणाला, उठू नका, मला प्रॅक्टिस करायचीय. मला एका कुशीवर केलं, मग दुसऱ्या. अग्रलेख संपायच्या आत माझ्याखालची चादर बदललेली. माझं वजन पंच्याऐंशी किलो. म्हटलं, एवढं शिकायला चार वर्षं? तो म्हणाला, हे पहिल्या महिन्यातलं. पुढे फिजिऑलॉजी, औषधशास्त्र, व्हेंटिलेटर.

वासंती दारात उभी होती. म्हणाली, रविवारी यांना पलंगावरून हलवणं मला अजून जमलेलं नाही. चार वर्षं कमीच आहेत.

१५ ऑक्टोबर
संभाजीरावांच्या आई सोजरबाई खुब्याचं हाड मोडून पडून आहेत. शौनक दर रविवारी वर जातो. त्यांना कुशीवर वळवतो, चादर बदलतो, पाठीला जखम होत नाहीये ना ते बघतो. मला हे आज कळलं. संभाजीराव पार्किंगमध्ये म्हणाले, सोमणसाहेब, पोरगं लई गुणाचं हाय. आई त्याच्याबिगर कुणाला हात लावू देईना.

मी गंभीरपणे म्हटलं, डॉक्टर व्हायचं म्हणजे पेशंटची सवय आधीपासून हवी. ते म्हणाले, व्हय, व्हय. डॉक्टरच म्हणायचं.

आवाजात आदर होता.

२२ ऑक्टोबर
तळमजल्यावरच्या श्यामलाताई रिटायर्ड मुख्याध्यापिका. आज जिन्यात म्हणाल्या, काय सोमण, तुमचे डॉक्टर इंजेक्शन द्यायला शिकले का हो अजून. बोलताना ओठ विचित्र आवळले होते. दातांचा त्रास असावा.

एकंदरीत सोसायटीने मेडिकल स्वीकारलं आहे.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
दिवाळीची मुदत संपली. मुदत वाढवली. आमच्या खात्यात हे चालतं.

एमबीबीएसचा आग्रह मोठ्या मनाने सोडला. फराळ करताना आयुर्वेद सुचवलं. नाही म्हणाला. फिजिओथेरपी. नाही. हॉस्पिटल मॅनेजमेंट, म्हणजे बसायला निदान खुर्ची तरी. नाही. मग त्यानेच त्याचा प्लॅन सांगितला. पदवीनंतर दोन वर्षं क्रिटिकल केअर, नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे आयसीयूत डॉक्टर राउंड घेऊन गेल्यावर मधल्या वेळात पेशंटचं काय बिनसतंय ते ओळखायचं आणि काय करायचं ते ठरवायचं. हात चांगलेच हलवत बोलत होता. एरवी इतका बोलत नाही. म्हणाला, बाबा, आता नर्सिंगमध्ये पीएच.डी.सुद्धा करतात.

मी म्हटलं, कशात, उशीत?

विनोद चांगला होता. कोणी हसलं नाही. शौनक चकली अर्धी ठेवून आत गेला. वासंतीने डब्याचं झाकण लावलं. माझी ताटली रिकामी होती, ते तिला दिसलं नसावं.

२५ नोव्हेंबर
शौनक बोलत नाही असं नाही. विचारलं की उत्तर देतो. हो, नाही, माहीत नाही. घरात गारवा आहे. नोव्हेंबर.

गॅलरीत फेऱ्या मारतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या नाहीत, आपल्याच.

१८ डिसेंबर
शौनकने माझ्यासमोर एक पास ठेवला. २० जानेवारीला त्यांचा शपथविधी. मुलांना पेशंटच्या वॉर्डात पाठवण्याआधी शपथ देतात. त्यांच्या कॉलेजात अशी पद्धत आहे, की पालकाने स्टेजवर यायचं आणि मुलाच्या हातात पेटवलेला दिवा द्यायचा. प्रत्येकाला दोन पास. म्हणाला, बाबा, स्टेजवर तुम्ही या.

कितीतरी दिवसांनी आपणहून बोलला. माझ्या तोंडून हो निघतच होतं. पण स्टेज म्हणजे फोटो. फोटो म्हणजे सोसायटीचा ग्रुप. मी कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हटलं, त्या दिवशी खडकवासल्याला साहेबांची तपासणी आहे. तो म्हणाला, शनिवार आहे. मी म्हटलं, धरणाला शनिवार नसतो.

त्याने पास उचलला. समजूतदार मुलगा आहे.

६ जानेवारी
जावं.

९ जानेवारी
नको.

१३ जानेवारी
जायचं, पण मागे उभं राहायचं, मास्क लावून. हॉस्पिटलचं आवार आहे, मास्कला कोणी हसणार नाही. वासंतीला सहज विचारलं, हल्ली लोक मास्क लावतात का. ती म्हणाली, ज्यांना तोंड दाखवायचं नसतं ते लावत असतील.

१७ जानेवारी
शौनकला विचारलं, स्टेजवर कोण येतंय. म्हणाला, झालीय सोय. वासंतीच असणार.

१८ जानेवारी
तपासणी रद्द झाली असं सांगायचं ठरवूनच जेवायला बसलो. शौनक वह्या घेऊन बसला होता, वासंती पोळ्या करत होती. आमटी छान झाली होती. विषय निघाला नाही. उद्या काढतो.

१९ जानेवारी
विषय काढायचं राहिलं. शौनक युनिफॉर्मला इस्त्री करत होता. वाफ फार होती.

२० जानेवारी, सकाळी
तपासणी नाही. पण आहे म्हणून सांगितलंय, तर घराबाहेर पडायला हवं. वासंतीने डबा दिला. मी म्हटलं, उशीर होईल. ती म्हणाली, हो, होईलच.

त्याच दिवशी, संध्याकाळी
खडकवासल्याला बसलो. पाणी बघितलं. कांदाभजी घेतली, अर्धी टाकली. डबा उघडला नाही. शेजारी एक बाप पोराला पाण्यात दगड मारायला शिकवत होता. एकाएकी उठलो आणि थेट कॉलेज गाठायला निघालो. सिंहगड रोडचा ट्रॅफिक नेहमीचा.

हॉलच्या दारावर पास मागितला. म्हटलं, मी शौनक सोमणचे वडील. दारावरचा मुलगा यादी बघून म्हणाला, काका, त्यांचे दोघं आत गेलेत. बिनपासवाल्यांसाठी बाहेर पडदा लावला होता. तिथे गेलो, तर पहिल्याच खुर्चीवर श्यामलाताई. बाजूला आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं. त्या म्हणाल्या, या सोमण. आवरलं का धरण?

मी म्हटलं, तुम्ही इकडे कशा. त्या म्हणाल्या, शौनकने बोलावलं. सप्टेंबरातच सगळ्यांना पेढे देऊन सांगितलं की त्याने, नर्सिंगला जातोय म्हणून. मी म्हटलं, मग तुम्ही डॉक्टर कुणाला म्हणत होता. त्या म्हणाल्या, तुमच्यासमोरच फक्त. वासंती म्हणाली होती, त्यांना थोडा वेळ लागेल, तोवर त्यांच्या कलाने घ्या.

बसायला खुर्ची नव्हती. एक बाई सरकली.

पडद्यावर नाव पुकारलं. शौनक पुढे आला. दुसऱ्या बाजूने फेटा बांधलेले संभाजीराव आले, हातात दिवा घेऊन. दिवा कलला होता. शौनकने त्यांचा हात मनगटाखालून हलकेच धरला आणि मग दिवा घेतला. निवेदिका म्हणाली, आणि शौनकचे पालक. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बघणाऱ्याला मी कुणाचा कोण, ते कळलं नसतं.

नंतर संभाजीराव गर्दीतून माझ्याकडे आले. फेटा काढून हातात घेतला होता. म्हणाले, साहेब, राग मानू नका. पोरगं म्हणालं, बाबांना सवड न्हाई. म्हणून उभा ऱ्हायलो. मी म्हटलं, छे, उलट उपकार झाले, तपासणी लांबली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, व्हय, तपासणी.

२१ जानेवारी, रविवार
शौनक चहा घेत होता. मी म्हटलं, पदवीदानाला मी आत्तापासूनच रजा टाकून ठेवतो. तो म्हणाला, त्याला पालक स्टेजवर नसतात, बाबा. तसा हा एकच कार्यक्रम होता. रागाने नाही म्हणाला. माहिती दिली.

मग कप विसळला, हात कोपरापर्यंत धुतले आणि सोजरबाईंकडे निघाला. मीही उठलो. म्हटलं, मी येऊ का मदतीला. चादरीचं एक टोक धरायला कोणीतरी लागत असेल. तो दारात थांबला. खरोखर विचार केला त्याने, ते दिसत होतं.

म्हणाला, आज नको. आजींना अनोळखी माणसासमोर संकोच वाटतो.

इतकी वर्षं मी त्यांच्याखाली दोन मजले राहतोय. पण बरोबर आहे, वर कधी गेलो नाही. म्हटलं, मग पुढच्या रविवारी.

तो म्हणाला, आजींना विचारून सांगतो.