वाळूतला बाळकृष्ण

अमृतराव घाट, वाराणसी
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय पद्माताई,

तुला नि भावोजींना नमस्कार. इंदूरला थंडी पडली असेल. इथं सकाळी घाटावर धुकं उतरायला लागलंय आणि सासूबाईंनी एकावर एक दोन स्वेटर चढवलेत. आम्ही सगळे ठीक. ईशानी दूध पिते, झोपते, शाळेत जाते.

आधी मुद्द्याचं. आम्ही इंदूरला येत नाही. तू ईशानीच्या शाळेची चौकशी करून ठेवलीस, भावोजींनी वरची खोली रंगवून घेतली, आणि आता ही बया नाही म्हणते! रागव हवं तर. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात प्रत्येक भिंतीपलीकडे सासूबाई असतात, आणि हे त्यांच्या कानावर जाण्यासारखं नाही. म्हणून लिहिते.

त्या हिमानीबद्दल मी तुला काय लिहिलं होतं? मोठमोठ्या डिग्र्या लावून पोरांना वाळूत खेळवणारी बाई. चांगली आहे गं ती. तेच तर दुखणं आहे.

फाल्गुनातला तो रविवार तुला काय सांगायचा. निमिष ईशानीला नावेनं पलीकडच्या रेतीवर घेऊन गेला. ती वाळूत घर करत बसली, हा अंघोळीला उतरला तो वर आलाच नाही. पोरीनं बापाला बुडताना बघितलं. तेव्हापासून घरात तिच्या तोंडून "हूं" आणि "नको" याखेरीज शब्द नाही. रडलीसुद्धा नाही. म्हणून तिला दर मंगळवारी हिमानीकडे न्यायला लागले. आणि या बाईच्या खोलीत काय, तर पुन्हा वाळूच! एक मोठा लाकडी ट्रे, तळ निळा रंगवलेला, म्हणजे वाळू सारली की पाणी दिसतं. भिंतीला फळ्या, त्यांवर चिमुकली माणसं, गाई, नावा, देव. मुलानं हवं ते उचलायचं आणि वाळूत मांडायचं. मोठ्यांनी बोट लावायचं नाही, असं का मांडलंस म्हणून विचारायचंही नाही. जे तोंडानं सांगता येत नाही ते मूल वाळूत सांगतं, म्हणे.

आणि तिथं ती बोलायला लागली, ताई! हिंदीत. "दीदी, ये वाली नाव नहीं डूबेगी." मी बाहेर बाकावर बसून ऐकलं. मला आनंद व्हायला हवा होता ना? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. वेणी मी घालायची, झोपेत दचकली की पाठीवरून हात मी फिरवायचा, आणि माझ्यासमोर मराठीत मुकी असलेली पोर तिथं हिंदीत चुरुचुरु बोलणार. सोमवारी संध्याकाळी स्वतःचा फ्रॉक स्वतः इस्त्री करते, मंगळवारी दीदीकडे जायचं म्हणून. माझ्यासाठी कधी साधी रिबीन बदलली नाही! त्या बाईचे कुरळे केस, तिचं ते हळू हळू बोलणं, सगळं माझ्या डोक्यात जायचं. आता कळलं, इंदूरला यायची मला एवढी घाई का झाली होती? हवापालट, नवी शाळा, सगळं झूट. त्या बाईपासून माझी पोर सोडवायची होती.

परवा मंगळवारी शेवटचं म्हणून गेलो. वेळ संपत आली तशी ईशानी हात धुवायला गेली आणि हिमानीनं मला आत बोलावलं. मी बघितलं तर चालेल, असं ईशानीनं सांगितलं होतं. "बस देखिए, छुइएगा मत," हिमानी म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून खिडकीशी गेली.

मी वाकून बघते तर ट्रेमध्ये घर नाही, नाव नाही, माणूस नाही. मधोमध वाळूतून दोन इवले पाय वर आलेले. बाळकृष्णाचे. आपल्या देवघरात असतो तसा रांगता बाळकृष्ण, डोक्याकडून खुपसलेला! ताई, मी पूजापाठ करणाऱ्यांच्या घरातली सून. रोज त्याला न्हाऊ घालते, पुसते, मगच माझ्या घशाखाली चहा उतरतो. हात थांबतोय होय? उचलला, पदरानं पुसला, वाळू सारखी करून नीट बसवला आणि सवयीनं हातही जोडले.

दारात ईशानी उभी होती. हात ओलेच.

"आई, कशाला काढलंस त्याला?"

मराठीत. माझ्याशी. फाल्गुनानंतर पहिल्यांदा अख्खं वाक्य.

"त्यानं काढलं का बाबांना?"

तू असतीस तर काय सांगितलं असतंस? सासूबाईंनी तिथल्या तिथं नाक घासायला लावलं असतं देवापुढे. मी बाळकृष्ण उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो अंगठ्यानं दाबत दाबत पार निळ्या तळापर्यंत नेला आणि वरून वाळू ओढली. हिमानी फोन बंद करून तिच्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता येईल माझ्या कुशीत. हात पुढे केलेसुद्धा मी.

"तू बाहेर जा," ईशानी म्हणाली.

गेले. दार ओढून घेतलं आणि आतून तिचं रडणं आलं. आधी बारीक, मग असं की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. बाबा, बाबा करून ओरडत होती. माझी पोर इतक्या महिन्यांनी रडत होती आणि तिला धरायला ती बाई होती! खोटं कशाला बोलू, त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या मला. कडीला हात घातलाच होता. जरा ढकललं असतं तर दार उघडलं असतं, आणि मला बघून ईशानी गप्प झाली असती. घरी होते तशी.

म्हणून नाही उघडलं.

तुझी,
अजूनही जळणारी, आणि पुढल्या मंगळवारी पोरीला तिथंच नेऊन बाहेर बसणारी,
शरदिनी