चादरीतली सुई

माय, आज वॉर्डात मी नव्या सिस्टर मुलींना वापरलेली सुई टाकायला शिकवत होते. टोचून झाली की टोपण परत लावायचं नाही, हातात घेऊन फिरायचं नाही, खाटेपाशीच पांढऱ्या जाड डब्यात सोडायची. डबा पाऊण भरला की बंद. बोलता बोलता तू समोर आलीस.

तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि तू त्याच दवाखान्यात सफाईला. इंदोऱ्याच्या आपल्या वस्तीतून दोघी एकाच बसनं यायचो, पण फाटकाशी उतरलो की मी पांढऱ्या कपड्यांत पुढच्या दारानं आणि तू मागच्या. त्या सकाळी पेशंटची चादर गोळा करताना घडीत राहिलेली सुई तुझ्या तळहातात शिरली. तू नळाखाली साबणानं हात धुतलास, सुई एका पुठ्ठ्यावर ठेवलीस आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या राउंडमध्ये शिरलीस. आम्ही विद्यार्थिनी मागे ओळीनं उभ्या. ज्या माणसासमोर आमच्या मेट्रनचाही आवाज बसायचा, त्याच्यासमोर तू पुठ्ठा धरलास.

"साहेब, हे चादरीत होती. मले रुतली."

"इंजेक्शन घेऊन टाक. जा."

"घेतो जी. पण उद्या दुसरीले रुतंल. टोचताना तुमाले सुई बरोबर दिसते, मंग फेकताना काहून नाही दिसत?"

मला वाटलं, गेली हिची नोकरी. तू हलली नाहीस. तळहातावर रक्ताचा थेंब पुन्हा आला होता आणि तुझी नजर खाली नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग काय करायचं, बाई?"

संध्याकाळी तू गॅसवर सुरी तापवलीस आणि फिनाईलच्या रिकाम्या कॅनच्या झाकणाला भोक पाडलंस. सुई आत जाईल, बोट जाणार नाही, एवढंच. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. सकाळी तो कॅन तू ट्रॉलीला बांधलास, आणि पहिली सुई त्यात डॉक्टरांनी स्वतः टाकली. काही महिन्यांत प्रत्येक वॉर्डात तसे कॅन दिसू लागले. चौथी शिकलेली बाई, माय! मी जे पुढे पुस्तकांतून शिकले, ते तू एका सुरीनं करून दाखवलं होतंस.

त्याच वर्षी तुझे डोळे पिवळे झाले. बरी होऊन कामावर गेलीस, पण यकृत बिघडत गेलं ते गेलंच. त्या सुईनंच झालं का, हे कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत खाटेवर पडल्या पडल्याही तू सिस्टरला विचारायचीस, "डब्यात टाकली ना वं?"

आज मुलींना त्या कॅनची गोष्ट सांगितली. एकीनं विचारलं, "मॅडम, कोण होती ती?" त्या राउंडमध्ये शेजारच्या मैत्रिणीनंही मला हेच विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "माहीत नाही." आज म्हटलं, "होती एक सफाईवाली." एवढ्या वर्षांनी मी एवढीच पुढे आले, माय.