विमानाचं पांघरूण

ता. ६ मार्च

ती. दादा,
शि. सा. न., घाईत केलाय, गोड मानून घे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी तुला ऐकू जावं म्हणून मी इतकी ओरडले की समोरचा कुलूपवाला दुकान सोडून विचारायला आला, कुणी गेलं का म्हणून. आणि तू तिकडून म्हणालास, हो, जेवलो. इंजिनांनी तुझे कान खाल्ले, त्याला तू तरी काय करणार. तर आता पत्रच. चौथीत माझी शाळा सुटली, त्यानंतर मी फक्त ताडपत्रीवर खडूने मापं लिहिली. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

बातमी अशी. परवा दुकानात तीन माणसं आली. एक दाताचा डॉक्टर, एक बँकेतला, तिसरा लग्नाचे फोटो काढणारा. म्हणाले, पांघरूण शिवून हवंय. मी विचारलं ट्रक कुठला, तर म्हणे विमान. मला वाटलं थट्टा चाललीय. पण खरंच. इथल्या तंत्रशाळेच्या मागच्या मैदानात लढाईचं एक जुनं विमान पडलंय. मुलांना शिकवायला आणलं होतं, मग शिकवणारा गेला, मग पहारेकरी त्याच्या पंखांवर कपडे वाळत घालू लागला. हे तिघं दर रविवारी जाऊन ते घासतात. कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे देत नाही. डॉक्टर दवाखान्यातली दात कोरायची हत्यारं आणून रिव्हेटच्या डोक्याभोवतीची घाण काढतो. बँकेतला आणि फोटोवाला कुठला राखाडी रंग द्यायचा यावरून भांडले, अबोला धरला. मला दोघांचे राखाडी सारखेच दिसले. तसं सांगितलं, तर दोघं मिळून माझ्यावर रागावले आणि त्यांचं बोलणं सुरू झालं.

मी माप घ्यायला गेले. नाकाच्या जागी मोठं भोक, पाठीला बाक, शेपटी वर. तुझ्या जुन्या फोटोतलं होतं ना, तू शिडीवर चढून पोटात हात घातलेला, तसंच. माझ्या तोंडून निघून गेलं की माझा भाऊ असल्याच विमानांची इंजिनं खोलायचा. मग काय, मला खुर्ची मिळाली, रुमालाने पुसून. तुला बोलावतायत. वहिनी असती तर तिने तुला ढकलून गाडीत बसवलं असतं. आता ती नाही, म्हणून मी ढकलते. ये. लवकर कळव, दोनदा विचारायची मला सवय नाही.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा तर येऊन वाढव.

तुझी धाकटी


ता. १७ मार्च

चि. घाईबाई हिस,
अ. आ. आशीर्वाद तरी सावकाश घे.

पत्र पोचलं. चुका काढल्या नाहीत. नुसत्या पाहिल्या.

इथे सगळे बरे आहेत. मुलगा कामात, सूनबाई कामात, नात अभ्यासात. माझ्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगली आहे. मला जे सांगायचं ते त्यावर लिहितात. जेवण झाकलंय. गॅसवाला येईल. गोळी. पाटी लहान, म्हणून वाक्यंही लहान. नात पूर्वी कोपऱ्यात मांजर काढायची, आता तीही गोळी लिहिते. तक्रार नाही, माणसं चांगली आहेत.

येण्याचं म्हणशील तर नको. गेल्या वर्षी मुलाने मला विमानांच्या एका प्रदर्शनाला नेलं होतं. एका तरुणाने मला काहीतरी विचारलं. मी त्याला इंजिनाचं तेल कसं बदलतात ते सविस्तर सांगितलं. त्याने मुतारी कुठे आहे असं विचारलं होतं. तो बिचारा शेवटपर्यंत उभा राहिला. मुलगा हसला असता तर बरं झालं असतं, त्याने मान खाली घातली.

पण एक काम कर. शेपटीवरचा नंबर कळव. तो रंगाखाली गेला असेल तर डावं चाक उडताना मिटून जिथे बसतं त्या खोबणीत बघ. आमच्या एका विमानाला धावपट्टीवरचा दगड उडून तिथे भोक पडलं होतं. मी त्यावर ठिगळ मारलं, अंड्याच्या आकाराचं. साहेब म्हणाले, गोल का नाही. मी म्हटलं, भोक गोल नव्हतं. त्या विमानापाशी मी बायकोपेक्षा जास्त दिवस काढले, हे तुझी वहिनीच म्हणायची. ते ठिगळ असेल तर ते माझं विमान. मग येण्याचा विचार करीन.

आणि पांघरूण ट्रकसारखं आवळून बांधू नकोस. पोटाखाली मोकळं सोड, वारा खेळू दे. धातूला घाम येतो. तो आत कोंडला की धातू खातो. हे शिवायच्या आधी वाच.

प्रकृतीला जप, आणि जिभेलाही.

दादा


ता. ५ एप्रिल

ती. दादा,
शि. सा. न., तोंड लपवून.

तुझं पत्र आलं तेव्हा पांघरूण केव्हाच घालून झालं होतं. मी कधी थांबते का. आणि असं आवळलं होतं की सुरीचं पातं आत जाणार नाही. ह्यांच्या माघारी केलेलं सगळ्यात चांगलं काम, असं मी मलाच सांगत होते. मधे हवा दमट झाली. तुझं पत्र वाचलं आणि मशीनवरचं काम तसंच टाकून पळाले. रविवार होता, तिघं पांघरूण सोडवतच होते. आतून पाणी टपकत होतं. पंखांवर पांढरी भुकटी, पीठ सांडावं तशी, आणि नेमकी या तिघांनी घासून चकचकीत केलेल्या जागी. डॉक्टरने खिशातून हत्यार काढलं आणि पुन्हा पहिल्या रिव्हेटपासून लागला. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत केल्या असत्या. बँकेतल्याने तर मला चहा दिला.

आता दुसरं शिवतेय. पोटाखाली मोकळं आणि कडेने जाळी.

तुझं काम केलं. नंबर सापडत नाही, तंत्रशाळेने सगळ्यावर चंदेरी रंग फासलाय. मग चाकाच्या खोबणीत शिरले. या वयात, या देहाने. फोटोवाल्याने बॅटरी धरली आणि बँकेतला मला बाहेर कसं काढायचं याची काळजी करत उभा राहिला. मी सगळीकडे चाचपलं. मग रंग खरवडला. दादा, ठिगळ नाही. खाली पत्रा अखंड आहे, सपाट.

तिघं म्हणाले, ताई, आहे म्हणून लिहा, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल, येतील तरी. मी सांगितलं, माझा भाऊ म्हातारा झालाय, बाळ नाही झालेला. तर हे तुझं विमान नाही. तुझं कुठे गेलं ते या तिघांनाही ठाऊक नाही.

तरी ये. रागावला असशील तर रागावून ये.

तुझी धाकटी


ता. १६ एप्रिल

चि. घाईबाई,
अ. आ.

खरं लिहिलंस, बरं केलंस. ठिगळ नाही असं वाचल्यावर चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तरी नव्हतंच. माझं विमान वितळवून केव्हाच भांडी झाली असतील. मी सकाळी ज्या पातेल्यातलं दूध घेतो ते त्याचंच निघायचं.

आणखी एक सांगायचं आहे. मुलाची लांब बदली झाली आहे. जूनमध्ये सगळे जातील. तिथलं घर लहान आहे. माझ्यासाठी इथेच म्हाताऱ्यांची एक जागा पाहून ठेवली आहे. स्वच्छ आहे, बाग आहे. मुलाने हे पाटीवर लिहिलं नाही. कागदावर लिहिलं, खाडाखोड करत, म्हणजे त्यालाही जड गेलं. त्याला बोल लावू नकोस. महिनाअखेरीला होकार कळवायचा आहे.

तू म्हणशील, माझ्याकडे ये. तू म्हणण्याआधीच सांगतो, नको. कारण ऐक. तुझं पत्र येतं तेव्हा माझ्याशी कुणीतरी तीन पानं बोलतं. कुलूपवाला, राखाडीवरचं भांडण, तुझं खोबणीत अडकणं, हे सगळं मला आवाजासकट ऐकू येतं. एरवी मला विनाकारण कुणी काही सांगत नाही. कामापुरतंच सांगतात. तुझ्या घरी आलो की तूही पाटी आणशील. तुला आधीच घाई. दोन शब्द लिहायचीस आणि मशीनवर बसायचीस. बहीण समोर दिसेल आणि पत्रं बंद होतील. त्यापेक्षा त्या बागेत बसून पोस्टमनची वाट बघता येईल.

डॉक्टरांना सांग, भुकटी कोरडी घासा, पाणी लावू नका.

ममता ठेव, आणि लिहीत राहा.

दादा


ता. २३ एप्रिल

ती. दादा,
नमस्कार मागाहून. आधी भांडण.

तुझं म्हणणं खरं आहे. मी पाटीवर दोनच शब्द लिहीन. कामाच्या गर्दीत तेही लिहिणार नाही, हातवारे करीन. उगाच गोड आश्वासन द्यायला मला जमत नाही.

पण माझंही ऐक. रविवारी नवीन पांघरूण घातलं. हे होते तेव्हा ट्रकच्या पलीकडे हे, अलीकडे मी. मधे एवढा ट्रक आणि रस्त्याचा गोंगाट. दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही. आम्ही दोरीने बोलायचो. एक हिसका म्हणजे धर, दोन म्हणजे सोड, आणि दोरी नुसती हलवली म्हणजे चहाची वेळ झाली. घरातल्यापेक्षा आमचं बोलणं त्या दोरीवरच जास्त झालं. हे गेल्यापासून दोन्ही बाजू मीच करते. इकडे बांधते, फेरा मारून पलीकडे जाते, तोवर इकडचं सुटतं. रविवारी डॉक्टरला पलीकडे उभं केलं. मी हिसका दिला की तो दोरी सोडतो आणि ओरडून विचारतो, काही म्हणालात का. धड कान असलेला माणूस या कामाला निकामी आहे. त्याला सारखं वाटतं काहीतरी ऐकू येईल. मला तुझ्यासारखा हवा. दया करून बोलावत नाही, दया करायला मला वेळ नाही.

विमान तुझं नाही, ठीक आहे. मग तुला ते ओळखायला नको की त्याच्यापाशी रडायला नको. नुसतं पलीकडे उभं राहायचं आणि दोरी धरायची. तिघांना सांगून ठेवलंय, काही विचारायचं असेल तर कागदावर लिहून आणा. मुतारीसुद्धा.

आता पत्राचं. पाटीवर जेवायला ये एवढंच लिहीन. पण तू मैदानावर गेलास की मी दुकानात बसून तुला पत्र लिहीन. वर तारीख घालून, खाली सही करून. गिऱ्हाइकांचं लिहीन, कुलूपवाल्याचं लिहीन, तुझं घोरणंही लिहीन. गल्लीतले लोक म्हणतील एका छपराखाली राहतात आणि पत्रं लिहितात, या दोघांना वेड लागलंय. म्हणू देत. मला लिहायचा किती कंटाळा ते तुला माहीत आहे. अंगठा दुखतो, शब्द सुचत नाही. पण खरं सांगू का, हे गेल्यापासून मी माणसांशी फक्त मापं बोलते. लांबी, रुंदी, कधी हवं. तीन पानं मी कुणाला सांगते, तर तुलाच. तुझ्या त्या बागेत पोस्टमन येईल रे, पण इकडे संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्यावर मी काय करू, ते तू लिहिलं नाहीस.

मागच्या खोलीतले ताडपत्रीचे तागे काढले. खिडकी उघडत नव्हती, कुलूपवाल्याने ठोकून उघडून दिली. मुलाला आज सांग, उद्यावर टाकू नकोस.

तू या पत्राला उत्तर लिहिशीलच, तुझ्याने राहवणार नाही. लिही. पण पोस्टात टाकू नकोस. खिशात घालून गाडीत बस.

लोभ आहे. विनंती करत नाही.

तुझी धाकटी